ओवाळणीत मिळालेलं नाव

अकोल्यात आमच्या भागातल्या एखाद्या बाईचा मोबाइल बिघडला की ती सरळ रागिणीकडं जायची. बाजारात मोबाइलची दुकानं काय कमी आहेत? ढिगानं आहेत. पण तिथं मोबाइल टाकायचा म्हणजे पासवर्ड सांगायचा, अन् पासवर्ड सांगितला की आतले फोटो, नवऱ्याशी झालेली भांडणं, बहिणीजवळ केलेली रडारड, सगळं त्या काउंटरवरच्या पोट्ट्यांच्या हवाली. रागिणीची रीत वेगळी. ती म्हणायची, "पासवर्ड मले सांगू नका बाई. तुमचा तुमी टाका." अन् खरंच मान फिरवून भिंतीकडं बघत बसायची. काम झालं की गिऱ्हाइकाच्या देखत मोबाइल बंद करून हातात द्यायची. कोणाच्या मोबाइलमध्ये काय आहे ते तिनं कधी पाहिलं नाही, अन् पाहिलं असं कोणी म्हटलंही नाही. तिचं दुकान चाललं ते या एका गोष्टीवर.

बाकी तोंडानं बाई फटकळ. कोणी मातीनं भरलेला मोबाइल पुढं केला की विचारायची, "काका, हा मोबाइल होये का शेतातला वखर?" पाण्यात पडलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवून आणणाऱ्यांवर तर तिचा भारीच राग. "त्यापक्षा खिचडी लावली असती," म्हणायची, अन् मग ब्रशनं एकेक दाणा काढत बसायची. पिठाच्या गिरणीला लागून तिचा चिंचोळा गाळा. दिवसातून दहादा पिठाची धूळ झटकायची अन् गिरणीवाल्याला शिव्या घालायची. गिरणीवालाही ऐकून घ्यायचा, कारण त्याच्या बायकोचा मोबाइल तिच्याकडंच यायचा.

ती मूळची दर्यापूरकडची. बाप खुशालराव गेले, आई आशाबाई गावातच राहते. रागिणीनं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स केलं. वर्गात ती एकटीच पोरगी. लग्न होऊन अकोल्यात आली. नवरा कुलदीप दाल मिलमध्ये मशीनवर असतो. माणूस कमी बोलणारा, पण बोलला तर नेमका नको तेव्हा खरं बोलणारा.

अन् एक भाऊ, भगवंत. पाठचा. आता या भावाबद्दल काय सांगावं? रागिणीचा त्याच्यावर जीव की प्राण. लहानपणी त्यानं शाळेत मार खाल्ला की हिनं जाऊन मास्तरांशी भांडावं, त्यानं काचेची बरणी फोडली की हिनं आपल्या अंगावर घ्यावं. आशाबाईला ते कळायचं, पण ती रागिणीलाच चार फटके द्यायची, कारण पोरगं ते पोरगं. भगवंत पुण्याला शिकला, परत येऊन अमरावतीत डॉक्टर-इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या पोरांचा क्लास काढला. यशोदीप क्लासेस. राजापेठेकडं दुसऱ्या मजल्यावर मोठी पाटी, सर म्हणून नाव. रागिणी गिऱ्हाइकांना सांगायची, "माह्या भावाचा क्लास आहे अमरावतीले." कोणी विचारलेलं नसलं तरी सांगायची.

त्या भाऊबीजेला भगवंत गाडीत खोकी भरून आला. खोक्यांत टॅब. दिल्लीकडून कुठून तरी लॉटमध्ये उचलले होते. कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीनं आपल्या कामासाठी बनवून घेतलेले, एकाच ॲपला जखडलेले. ती कंपनी गेली, ते ॲपही गेलं, राहिला काचेचा तुकडा. प्लेस्टोर नाही, काही टाकायची सोय नाही.

"ताई, हे पोरायले वाटाचे आहे," तो पाटावर बसत म्हणाला. "व्हिडिओ लेक्चर, टेस्ट, सगळं यात. तू उघडून देशीन ना?"

"पायते कसं नाई होत ते," रागिणी म्हणाली. हातात ताट होतं, पण नजर खोक्याकडं.

ओवाळून झालं. भगवंतानं खिशात हात घातला नाही. हसला अन् म्हणाला, "यावर्षी साडी नाई ताई. यावर्षी तुले नाव देतो. टॅब चालू केला का पयले जे कंपनीचं चित्र येते ना, ते काढून टाक. तिथी तुह्या दुकानाचं नाव टाक, नंबर टाक. अमरावतीतल्या घराघरात दिसू दे माही बहीण काय आहे ते. हेच ओवाळणी समज."

रागिणीला एकदम भरून आलं. इतकी वर्षं राबली, पण तिच्या कामावर तिचं नाव असावं असं कोणाला सुचलं नव्हतं. दुकानावर पाटीसुद्धा गिरणीच्या आडोशाला, अर्धी झाकलेली. तिनं भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. आशाबाई गावाहून आलेली होती, ती डोळे पुसत म्हणाली, "पाय बरं, कसा समजदार आहे माहा लेक."

तेवढ्यात कुलदीप बोलला. "क्लास त्याचा, टॅब त्याचे. मंग नाव त्याचं काहून नाई?"

"तुमाले तं कोणाचं चांगलं दिसतच नाई काई," रागिणी म्हणाली. कुलदीप करंजी खाऊ लागला.

मग तिनं टॅब रूट करायला घेतले. रूट करणं म्हणजे काय, तर कंपनीनं टॅबला आतून घातलेलं कुलूप तोडायचं अन् सगळा ताबा आपल्याकडं घ्यायचा. एकदा तो हातात आला की आतलं काहीही काढा, काहीही घाला. पण चूक झाली तर टॅब जागेवर मरतो. पहिला टॅब मेलाच. कंपनीच्या चित्रावर अडकला तो अडकलाच. रागिणी त्याच्याशी भांडली, त्याला "मेल्या" म्हणाली, कामं आटोपल्यावर दुपारभर लॅपटॉपला जोडून बसली. शेवटी त्याच बनावटीच्या दुसऱ्या टॅबमधून मूळ फाइल काढून यात घातली अन् तो उठला. त्यानंतर वाट सापडली. रूट करायचं, जुनं ॲप उपटायचं, प्लेस्टोर बसवायचं, अन् सगळ्यात शेवटी ते चित्र. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'रागिणी मोबाइल केअर, अकोला', खाली नंबर. पहिल्यांदा ते उजळलं तेव्हा तिनं टॅब उगाच बंद करून पुन्हा चालू केला. मग आणखी एकदा. गिरणीवाल्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "वा." तिनं त्याला चहा पाजला.

काम निम्म्यावर आलं अन् भगवंताचा मोबाइलवर आवाजी निरोप आला. सोबत एक ॲप. तो म्हणत होता, "ताई, हे एक ॲप सगळ्यात टाकजो. आत सिस्टीममध्ये टाक, पोरायले दिसलं नाई पाहिजे अन् काढता आलं नाई पाहिजे. क्लासचंच आहे. कोणाले सांगू नको, आईची शप्पथ."

रागिणीनं ॲप उघडून बघितलं. डोळे काही तिनं गहाण ठेवले नव्हते. ते ॲप कॅमेरा मागत होतं, माइक मागत होतं, स्क्रीन मागत होतं. तिनं ताबडतोब फोन लावला. "भगवंता, याले माइक काहून पाहिजे?"

"घरून ऑनलाइन टेस्ट देतात ना पोरं," भगवंत म्हणाला. "बाजूले बसून कोणी उत्तरं सांगते. ते ऐकू याले पाहिजे. टेस्टपुरतंच चालू होते, मंग बंद. तू पण ना ताई, माह्यावर संशय घेऊन राहिली का?"

झालं. हा शेवटचा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर रागिणीनं ते खोकं त्याच्या तोंडावर फेकलं असतं. अनोळखी माणसाच्या मोबाइलचा पासवर्ड न बघणारी बाई ही. पण भावाला कुठं पासवर्ड विचारतात? तिला उलट आपलीच लाज वाटली. तिनं प्रत्येक टॅबमध्ये ते ॲप आत, खोलवर, कोणालाही उपटता येणार नाही असं बसवलं. काम चांगलंच केलं. वाईट काम तिला करताच येत नव्हतं, हीच तर पंचाईत.

टॅब अमरावतीला गेले, अन् थंडी सरत आली तेव्हा पहिला फोन आला. बाईचा आवाज. "रागिणी तूच का वो?"

"हो. बोला ना ताई."

"लाज नाई वाटत? लोकाच्या पोरीच्या खोलीत कान लावून बसते?"

रागिणीला वाटलं नंबर चुकला. पण बाई बोलतच राहिली. तिचं नाव नीलम. तिची आकांक्षा भगवंताच्या क्लासमध्ये. एका सकाळी घरात नवराबायको बोलत होते, की पुढच्या वर्षी पोरीला समोरच्या नव्या क्लासला घालू, इथं शिकवणं ढिलं झालं. टॅब टेबलावर पडलेला, पडदा बंद. त्याच दिवशी दुपारी क्लासमधून सरांचा फोन. "ताई, आकांक्षाले दुसरीकडे काहून नेऊन राहिले? आमचं काही चुकलं का?" घरातलं बोलणं घरात, बाहेर कोणाला सांगितलेलं नाही. नीलमच्या अंगावर काटा आला. तिनं आणखी दोघी-तिघींना विचारलं. त्यांनाही असेच फोन आलेले. नीलमचा भाचा इंजिनिअरिंगला. त्यानं टॅब खोदून ते ॲप शोधून काढलं. माइक रात्रंदिवस चालू. अन् टॅब चालू केला की पडद्यावर पहिलं नाव कोणाचं, तर हिचं.

त्यानंतर फोनची रीघ लागली. कोणी शिव्या दिल्या, कोणी पोलिसात जायचं म्हणालं. अकोल्यातही कुणकुण पोचली. नेहमी येणारी एक बाई दुरुस्तीला टाकलेला मोबाइल तसाच बिघडलेला परत घेऊन गेली. मोबाइल छातीशी धरून गेली. शिव्यांपेक्षा रागिणीला ते जास्त लागलं.

तिनं भगवंताला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी तोच बोलला, अगदी गोड. "ताई, तू टेन्शन घेऊ नको. रविवारी पालकायची मीटिंग ठेवली. मी सगळं सांगतो. मी आहो ना. तू येऊ नको फक्त, लोकं तापून आहेत."

"पण तू तं म्हणे टेस्टपुरतं."

"समोरासमोर बोलू ना आपण," तो म्हणाला अन् फोन ठेवला.

आता रागिणी काय समजली असेल? तिला वाटलं, पोरगं घाबरलं आहे. मोहात चुकलं असेल, समोर दुसरा क्लास उघडला, पोरं फुटायला लागली, गेलं डोकं फिरून. कबूल करेल बिचारा अन् लोक त्याला फाडून खातील. तिनं लॅपटॉप घेतला, केबल घेतली. कुलदीप म्हणाला, "नको जाऊ." ती म्हणाली, "सगळ्यायच्या देखत एकेका टॅबमधून ते काढून देते. लोकायचा राग उतरन. त्याचा क्लास वाचते मंग." मूर्तिजापूर, बडनेरा करत एसटीनं ती अमरावतीला पोचली. मांडीवर लॅपटॉपची बॅग, खिडकीबाहेर बघत वाटभर ती भावाला कसं वाचवायचं याचाच विचार करत होती.

दुसऱ्या मजल्यावर हॉल गच्च भरला होता. ती मागच्या बाकावर बसली. भगवंत समोर, इस्त्रीचा शर्ट, हातात माइक. त्यानं तिला पाहिलं नाही.

"पालकहो," तो शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाला, "फसवणूक तुमची झाली तशीच माझीही झाली. आम्ही टॅब फक्त विकत घेतले. त्यात प्लेस्टोर टाकून देण्याचं काम अकोल्यातल्या एका मेकॅनिकला दिलं होतं. तिनं आत काय बसवलं, याची आम्हाला कल्पना नाही. तिचं नाव प्रत्येक टॅबवर आहे, तुम्ही पाहिलंच आहे. तिच्यावर कारवाई होईल."

रागिणीला आधी कळलंच नाही की हे तिच्याबद्दल चाललं आहे. 'तिनं' म्हणजे कोण, असं तिच्या मनात खरोखर आलं. शेजारची बाई तिच्याकडं वळून म्हणाली, "सापडली पाहिजे ती भवानी एकदा." आवाज ओळखीचा होता. नीलम.

रागिणी उभी राहिली. "सापडली," ती म्हणाली. "मीच ती."

हॉलमध्ये गलका झाला. भगवंताचा चेहरा पांढराफटक पडला. रागिणी लोकांकडं बघतच नव्हती, ती त्याच्याकडं बघत होती. तो आता तरी बोलेल असं तिला वाटलं. एक वाक्य. माझी बहीण आहे, मी सांगितलं म्हणून तिनं केलं, एवढंच. तेवढ्यावर तिनं उरलेला सगळा दोष आजही अंगावर घेतला असता.

पुढच्या रांगेतल्या एका माणसानं विचारलं, "सर, तुमी ओळखता का या बाईले?"

भगवंतानं माइक या हातातून त्या हातात घेतला. "आमच्या गावची आहे ती," तो म्हणाला. "गावची ओळख म्हणून काम दिलं होतं."

ओवाळलेलं कपाळ ते. त्याच कपाळावर घाम फुटला होता, अन् तो तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. माणूस केसानं गळा कापतो म्हणतात, पण इतक्या सभ्य भाषेत, माइकवर, चार माणसांत? हे नावाचं प्रकरण त्यानं भाऊबीजेलाच ठरवून ठेवलं होतं, की वेळ आल्यावर त्याच्या कामी पडलं, ते रागिणीला आजही माहीत नाही. पण त्या घटकेला तिच्या आतलं काहीतरी तुटलं, एवढं खरं. तिनं मोबाइल काढला, आवाज पूर्ण वाढवला अन् तो निरोप लावला.

"ताई, हे एक ॲप सगळ्यात टाकजो. आत सिस्टीममध्ये टाक, पोरायले दिसलं नाई पाहिजे..."

सगळ्या हॉलनं तो ऐकला, पार शपथेपर्यंत. आवाज सरांचा, बोली घरची. कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. लोक भगवंताकडं धावले, कोणी माइक ओढला, खुर्च्या पडल्या. क्लासच्या दोन मास्तरांनी त्याला आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

रागिणीला वाटलं होतं, आता तरी लोक आपल्याला बरं म्हणतील. पण नीलम तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज खाली आलेला, पण नजर तीच. "भावानं सांगतलं, तुनं टाकलं. माइक पाहून टाकलं ना?"

"हो," रागिणी म्हणाली. "विचारलं त्याले. तो म्हणे टेस्टपुरतं. भाऊ होता म्हणून मानलं."

"तुह्या भावाले तू ओळखत होती. आमच्या पोरी तं त्याले ओळखत नव्हत्या."

रागिणी खाली बसली, लॅपटॉप उघडला अन् म्हणाली, "ज्यायले काढून पाहिजे त्यायनं टॅब आणा." थोडा वेळ कोणी हललं नाही. मग एक बाप आला, त्याच्यामागं दुसरा. ते तिच्या डोक्यावर उभे राहून तिचा हात बघत राहिले. आजपर्यंत ती गिऱ्हाइकाकडं पाठ करून बसायची ते विश्वासानं. आज लोक तिच्यावर नजर ठेवून उभे होते, अन् ती त्यांना "मागं सरका" असंही म्हणू शकत नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन आला. बातमी गावात पोचली होती. भगवंतानंच आतल्या खोलीतून तिला फोन करून सांगितलं असणार.

"काय केलं वो तुनं?" आशाबाई रडत होती. "भर लोकायत त्याचा आवाज लावला?"

"आई, त्यानं माह्यावर लोटलं सगळं. पोलिसात द्याले निंगाला होता मले."

"दिलं नसतं त्यानं. नुसतं बोलाले बोलला. लोकं शांत झाले असते, दोन महिन्यांत इसरून गेले असते. तुले अकोल्यात कोण पाहाले येणार होतं? त्याची पाटी आहे तिथी, त्याचं लग्न व्हायचं आहे."

रागिणीचा हात केबलवर थांबला. तिला ते सगळं चाललं असतं. लहानपणापासून चालतच आलं होतं. एकच गोष्ट चालली नव्हती, ती तिनं बोलून टाकली. "आई, तो म्हणे मी गावची आहो. चार लोकायत बहीण म्हणलं नाई त्यानं मले."

पलीकडं आईचं रडणं थांबलं. मग आशाबाई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "म्याच सांगतलं होतं त्याले. काल फोनवर विचारून राहिला होता, काय करू म्हणून. म्या म्हणलं, नातं नको लावू बाबा, गावची आहे म्हण. तुले राग येणार नाई, असं वाटलं मले. तू कधी रागावली नाई त्याच्यावर."

समोरचा माणूस त्याचा टॅब कधी होणार असं विचारत होता.

"अन् सकायपासून काही खाल्लं का नाई तुनं?" आई म्हणाली. "रागिणी? काही खाल्लं का?"